झुल्फिये आत्याचे तीन प्रश्न आणि माझं एक लेबल

आमच्या गोकबेल गावात झुल्फिये आत्याकडे तेल मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. पहिला प्रश्न, "पोटात बाळ आहे का?"

बायकांना विचारला तर समजण्यासारखं आहे. पण ती सगळ्यांना विचारते. सरपंचाला विचारते, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला विचारते, लष्करातली सक्तीची नोकरी संपवून मिशा वाढवून आलेल्या पोरांना विचारते. मशिदीच्या इमामांनाही तिने विचारला होता. त्यांनी दाढीवरून हात फिरवत शांतपणे सांगितलं, "अजून तरी नाही, झुल्फियेताई." मग दुसरा प्रश्न, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" आणि तिसरा, "ऑपरेशन नाहीतर दात काढायचं ठरलंय का?" तिन्ही वेळा 'नाही' आलं तरच ती मानेला लाल लोकर बांधलेली बाटली फळीवरून खाली घेते. एकदा जरी 'हो' आलं, तर बाटली वरच राहते आणि माणसाला नुसता चहा मिळतो.

मी या बाईचा भाचा, तुंजाय. तालुक्याला शिकलेला, विक्रीशास्त्राचा दोन वर्षांचा डिप्लोमा घेतलेला, आणि या प्रश्नांपायी आत्याचा धंदा वाढत नाही असं ठाम मत असलेला. पुढे जे झालं ते त्या मतामुळे झालं, म्हणून ते आधीच कबूल करून टाकतो.

आत्या एकसष्ट वर्षांची आहे. उंचीने माझ्या खांद्याला लागते. पाठीवर केकिकची दोन पोती बांधून ती तोरोस डोंगराचा उतार उतरते, तेव्हा लांबून पोतीच चालत येताहेत असं वाटतं. केकिक म्हणजे पिझ्झावर भुरभुरायला पुड्यांतून जगभर जातं ते ओरेगॅनो. वास ओव्याच्या जवळचा, पण ओवा बोलतो आणि केकिक ओरडतं. जुलैमध्ये त्याला पांढरी फुलं आली की आत्या उन्हाच्या आधी डोंगरावर असते. वरचा वीतभर भाग तेवढा कापते, मुळाला धक्का लावत नाही. कुणी मुळासकट उपटलेलं दिसलं, तर त्याच्या खानदानाविषयी ती जे बोलते ते पलीकडच्या खोऱ्यातल्या शेळ्यांनाही ऐकू जातं.

तिची तांब्याची भट्टी तिने लग्नातल्या सहा बांगड्या मोडून घेतली. दुर्सुन आतोबा तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "बाईच्या हातात सोनं असावं. उद्या माझ्याशी पटलं नाही, तर पळून जाता येतं." आत्या म्हणाली, "पळून कुठे जाऊ? इथेच उकळत बसते." ते अक्रोड झोडताना झाडावरून पडून गेले, त्याला अकरा वर्षं झाली. ती अजून उकळतेय. मध्ये मीही तिच्या वाट्याला आलो. मी चार वर्षांचा असताना आई गेली, बाबांनी दुसरं लग्न करून इझमीर गाठलं, आणि सामान नेताना जे गाडीत मावलं नाही ते आत्याकडे ठेवून गेले. त्यात मी होतो आणि एक शिलाई मशीन होतं. मशीन जास्त उपयोगी पडलं.

भट्टीत पाला आणि पाणी, खाली ओकचं लाकूड. वाफेची नळी थंड पाण्याच्या पिंपातून जाते आणि टोकाशी थंड झालेली वाफ काचेच्या बरणीत थेंब थेंब पडत राहते. बरणीत खाली पाणी जमतं, वर बोटभर पिवळसर तेल तरंगतं. पाणी ती सढळ हाताने वाटते. जेवण अंगावर आलं, गॅस झाला, मळमळलं, की कॉफीच्या कपाने अर्धा कप. तेलाच्या बाबतीत मात्र तिचा हात आखडतो. "अख्ख्या पोत्याचा राग एका पेल्यात उतरलाय," ती म्हणते. सर्दीला कढत पाण्यात एक थेंब टाकून, डोळे मिटून वाफ घ्यायची. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या तर ऑलिव्ह तेलात चांगलं पातळ करून लावायचं. पोटात घ्यायचंच असेल तर चमचाभर ऑलिव्ह तेलात एकच थेंब, तेही आठवडाभर, मग बंद. यापलीकडे कुणी मधुमेह, संधिवात, केस गळणं असलं काही काढलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "त्याला डॉक्टर असतो. मी भट्टीवाली आहे."

असा माल आणि असा विक्रेता! डिप्लोमा घेतलेल्या माणसाचा जीव तुटणार नाही तर काय?

गेल्या उन्हाळ्यात मी लेबल छापून आणलं. त्यावर सत्तावीस फायदे होते. इंटरनेटवर जेवढे सापडले तेवढे घेतले, आणि काही लेबल भरायला कमी पडले म्हणून मनाने घातले. सर्दी, खोकला, कोलेस्टेरॉल, साखर, गुडघे, हिरड्या, स्मरणशक्ती, 'पुरुषांचा उत्साह', नजर लागणे. अठ्ठाविसावा सुचला होता, पण कागद संपला. खाली ठळक अक्षरांत: 'पाच थेंब, दिवसातून दोनदा.' हा पाचाचा आकडा कुठून आला, असं पुढे एका डॉक्टरबाईने मला विचारलं. मला तो सुटसुटीत वाटला होता.

लेबलवर माझा फोटोही होता, तेलाची बाटली हातात धरून हसताना. फोटो उजव्या बाजूने काढलेला आहे, कारण आदल्या दिवशी डाव्या गालावरच्या मुरमाला मी तेल तसंच, न मिसळता लावलं होतं. मुरूम गेला, गालही गेला. पंधरा दिवस तिथे तांबडा डाग होता, अगदी आमच्या देशाच्या नकाशासारखा आडवा, लांबट. 'त्वचेसाठी अमृत' हा फायदा क्रमांक चार होता.

आत्याला वाचता येत नाही. म्हणाली, "वाचून दाखव." मी सत्तावीसच्या सत्तावीस वाचले.

"संपले फायदे?"

"संपले."

"मग आता तोटे वाच."

"आत्या, लेबलवर तोटे लिहीत नसतात."

"का? ते बाटलीत नसतात का?"

मी तिला बाजारपेठेविषयी समजावून सांगितलं. ती शेंगा सोलत होती. शेवटी म्हणाली, "निदान माझे तीन प्रश्न तरी घाल." मी 'हो' म्हटलं, आणि तिला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन घातले नाहीत. आजवर मी मूर्खपणा पुष्कळ केलाय. पण नीचपणा म्हणावा असा हा एकच.

आता निलायविषयी. निलाय तालुक्याच्या औषधाच्या दुकानात कामाला आहे. दोन वर्षं मी तिच्याकडून दर आठवड्याला खोकल्याच्या गोळ्या घेत होतो. खोकला नसताना इतक्या गोळ्या चघळणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता. शेवटी एक दिवस गोळ्यांची पुडी पुढे करत तिनेच विचारलं, "हे अजून किती दिवस चालवणार? माझ्याच्याने तुझे दात बघवत नाहीत." अशा रीतीने आमचं जमलं.

राहिले तिचे वडील. रमझीकाकांनी तीस वर्षं तालुका ते समुद्रकिनारा अशी मिनीबस चालवली. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. शांत खोलीत त्यांच्या शेजारी बसलं, की छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. ते स्वतः म्हणतात, "इंजिन चालू आहे, फक्त आवाज बदललाय." त्या झडपेसाठी त्यांना रोज एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. हे मला माहीत होतं. ती गोळी रक्त पातळ ठेवायची असते, हेही निलायने कधीतरी सांगितलं होतं. ती बोलत असताना मी तिच्याकडे बघत होतो, ऐकत नव्हतो.

मागणी घालायच्या तीन आठवडे आधी, आपली छाप पडावी म्हणून मी चहाघरात काकांना गाठलं आणि बाटली दिली.

"हे काय?"

"आत्याचं तेल, काका. कोलेस्टेरॉल खाली येतं. पाच थेंब, दिवसातून दोनदा."

"माझी ती झडपेची गोळी चालू आहे, बाबा. निलाय मला साधी लसूणसुद्धा मोजून खायला देते."

"अहो, हे गवत आहे. गवत गोळीशी भांडत नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. काकांनाही आवडलं. त्यांनी बाटली कोटाच्या खिशात सरकवली, डोळा मिचकावला आणि म्हणाले, "पोरीला बोलू नकोस. तिला सांगतो, सॅलडवर घालायला आणलंय."

मागणीचा दिवस रविवार होता. दुपारी तीनला मी, आत्या, गुलाबांचा गुच्छ आणि चांदीच्या तबकातली चॉकलेटं असे चौघे त्यांच्या दिवाणखान्यात पोचलो. आत्याने ईदची ओढणी बांधली होती. मेलिहा काकूंनी, म्हणजे निलायच्या आईने, रिवाजाप्रमाणे आमच्या हातांवर सुवासिक कोलोन शिंपडलं. रमझीकाका पांढऱ्या सदऱ्यात होते. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं, तिथे सिगारेटच्या कागदाचा तुकडा चिकटवला होता. हवामान झालं, रस्त्याचं काम झालं, आत्याच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग निलाय कॉफी घेऊन आली.

आमच्यात या दिवशी नवऱ्यामुलाच्या कॉफीत मुलगी मीठ घालते. कुणी मिरपूड घालतं, कुणी व्हिनेगर. मुलाने तोंड वाकडं न करता, एक अक्षर न बोलता, तळापर्यंत प्यायची. त्यावरून संसारात तो किती सोसेल, याचा अंदाज घेतात. शेजारी पाण्याचा पेला ठेवलेला असतो, पण त्याला हात लावला तर वर्षभर गावात ऐकून घ्यावं लागतं.

मी कप तोंडाजवळ नेला आणि वास ओळखला. बाकी कुणाला वेगळं वाटलं नाही, कारण आत्या जिथे बसते तिथे केकिकचा वास बसलेलाच असतो. मी निलायकडे पाहिलं. ती दारात उभी राहून गोड हसत होती. पुढे कळलं, तिला स्वयंपाकघरातल्या फळीवर 'सॅलडची' बाटली मिळाली होती. माझा फोटो बघून तिला हसू आवरेना. फायदे वाचून आणखी हसली, आणि मिठाऐवजी लेबलवर लिहिलंय तेवढंच, बरोबर पाच थेंब तिने माझ्या कॉफीत घातले.

प्यायलो. पहिल्या घोटाला जीभ गेली. दुसऱ्याला ती कुठे होती तेही आठवेना. तेल फेसावर तरंगत असतं, त्यामुळे सगळा ऐवज आधीच्या दोन घोटांतच पोचला. डोळ्यांतून पाणी आलं. मेलिहा काकूंनी आत्याच्या कानाशी म्हटलं, "बघा हो, किती हळवा मुलगा आहे!" मी कप रिकामा करून बशीत ठेवला आणि लगाम खेचलेल्या घोड्यासारखा ताठ बसलो. घशातून आवाज निघेल अशी काही खात्री नव्हती.

आत्याने ओढणी सारखी केली, पाठ सरळ केली, आणि जे मागणीचं वाक्य ऐकायला मी दोन वर्षं खोकल्याच्या गोळ्या चघळल्या होत्या, ते सुरू केलं.

"अल्लाच्या हुकमाने, पैगंबरांच्या..."

आणि थांबली.

"रमझीभाऊ, हे कधी कापलं?"

"हे होय? सकाळी. अकरा वाजता."

"आता साडेतीन झाले." तेवढ्यात कागदाखालून एक थेंब निसटला आणि सदऱ्याच्या कॉलरवर पडला. कागदाचा तुकडा हा चौथा होता, असं मेलिहा काकू म्हणाल्या. आत्या उठून त्यांच्यापाशी गेली आणि न विचारता तिने त्यांची बाही वर केली. कोपराखाली जांभळा डाग होता, हाताच्या पंज्याएवढा. "हे काय?"

"दाराला लागलं."

"आणि हे?"

"तेही दारालाच."

"दार बरंच मागे लागलंय तुमच्या. गोळी किती घेता?"

"डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, ताई. निलाय रोज हातावर ठेवते."

"गोळीशिवाय आणखी काही? काढा, चूर्ण, पाला?"

"छे! काही नाही."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मिनीबस चालवलेल्या माणसाची नजर ती. पुढे पोलीस उभे असले की समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला जशी खूण करतात, तशी. म्हणजे, गप्प राहा.

त्यांच्या छातीतली टिकटिक ऐकू येत होती. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा इतकी चांगली सबब मिळाली होती. माझ्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता. मी काहीच बोललो नसतो, तरी उद्या कुणी मला दोष दिला नसता. वाक्य अर्ध्यावर होतं. आत्या कदाचित ते पुरं करेल, काका 'हो' म्हणतील, अंगठ्या चढतील, आणि तेल बंद करायला मी उद्या काकांना चहाघरात सांगेन. एवढा हिशेब मी टिकटिकीच्या चार ठोक्यांत केला. पाचव्या ठोक्याला आणखी एक थेंब कॉलरवर पडला.

मी बोलायला तोंड उघडलं. बेडूक पायाखाली आल्यासारखा आवाज आला. मग मी हात वर केला आणि पाच बोटं दाखवली.

"पाच?" मेलिहा काकू पुढे सरकल्या. "पाच बांगड्या घालतो म्हणतोय का?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि पाच बोटं पुन्हा दाखवली.

"दहा!" काकूंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई, दहा! झुल्फियेताई, तुमच्या तेलात बरीच बरकत दिसते."

"दहा बांगड्या याच्या बापाने पाहिल्या नाहीत," आत्या म्हणाली. "काय बरळतोयस रे? नीट सांग."

मी रमझीकाकांकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग बाटली तोंडात पिळल्याची खूण केली. काकूंना वाटलं, मी दारूविषयी बोलतोय, आणि त्यांचा चेहरा पडला. दारात उभ्या असलेल्या निलायचं हसू मात्र हळूहळू मावळलं.

"पाच थेंब," ती म्हणाली. "दिवसातून दोनदा."

मी मान हलवली. आता होकारार्थी.

"बाबा, तुम्ही ते पीत होतात?"

रमझीकाकांनी तबकातलं एक चॉकलेट उचललं, त्याचा कागद उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. "तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "चव तशी बरी आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. डोंगरावर मुळासकट उपटलेल्या झुडपासाठी ती जेवढं बोलते, त्याच्या शतांशही बोलली नाही. फक्त म्हणाली, "तू विचारलं नाहीस." मग स्वयंपाकघरात जाऊन दह्याचा वाडगा घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तोंडात धर. चला."

गाडी काकांनीच चालवायचा हट्ट धरला. निलायने किल्ली काढून घेतली. मागच्या सीटवर काका मध्ये, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूने आत्या ईदच्या ओढणीचं टोक त्यांच्या हनुवटीवर दाबून. पुढे मी, मांडीवर गुलाबांचा गुच्छ, तोंडात दही. गुच्छ खाली ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. निलायने सगळ्या रस्त्यात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

इस्पितळात रक्त तपासलं. रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा जो आकडा अशी झडप असलेल्या माणसाचा अडीच ते साडेतीनच्या आत हवा, तो आठाजवळ पोचला होता. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी काकांच्या डोक्याला कुठे मार लागलाय का, हे तीनदा विचारलं. म्हणाल्या, "नशीब हनुवटीवर कापलं. असं रक्त आत कुठे, मेंदूत सुटलं असतं, तर कॉलरवर दिसलं नसतं." तेलामुळेच झालं का, असं काकूंनी विचारलं. त्या म्हणाल्या, "छातीठोक सांगता येणार नाही. या तेलाचा माणसांवर फारसा अभ्यासच झालेला नाही. पण रक्ताच्या गोळीबरोबर घेऊ नये, एवढं पक्कं. दुसरं काही बदललंय का यांचं?" दुसरं काहीच बदललं नव्हतं. मग त्यांनी तो पाचाच्या आकड्याचा प्रश्न विचारला. माझा आवाज तोवर थोडा परत आला होता. तो आला नसता तर बरं झालं असतं.

काकांना दोन दिवस ठेवून घेतलं. मी आणि आत्या बाहेरच्या बाकावर बसलो.

"माझ्यावर ओरड," मी म्हटलं.

"माझ्या सासूवर तरी मी कुठे ओरडले?" आत्या म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं. तिने भट्टीची गोष्ट सांगावी तशा साध्या आवाजात सांगितलं. लग्नाला दुसरं वर्ष, पाचवा महिना, खोकला थांबेना. सासूने शेजारच्या गावातून तेल आणलं आणि आठ दिवस चमच्याने पाजलं. प्रेमानेच पाजलं. नवव्या दिवशी पोटातलं गेलं. पुन्हा कधी राहिलं नाही.

"तेलाने गेलं का?"

"कोण सांगणार? खोकल्याने गेलं असेल, तापाने गेलं असेल, जायचं म्हणून गेलं असेल. मला नाही माहीत." तिने ओढणीचं डागाळलेलं टोक घडीत दुमडलं. "मला कुणी विचारलं नव्हतं, एवढं माहीत आहे. बाटली ओतण्याआधी कुणीतरी तोंड उघडून विचारायला हवं होतं. म्हणून मी विचारते."

"इमामांनासुद्धा?"

"यांना विचारू, त्यांना नको, असं ठरवत बसलं की एखादा सुटतो. तू एकच सोडलास ना?"

मी एक नव्हे, बेचाळीस सोडले होते. बेचाळीस बाटल्या मी लेबल लावून एकही प्रश्न न विचारता खपवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फिरलो. खाटकाला विचारलं, "पोटात बाळ आहे का?" त्याने सुरा खाली ठेवला आणि गिऱ्हाइकांना हाक मारून म्हणाला, "ऐका रे, झुल्फियेचा भाचा बिघडला!" सरपंचाने मला बसवून पाणी दिलं. सुताराचा दात मंगळवारी काढायचा होता. आणि शाळेतल्या शिक्षकाच्या बायकोने दारातच लाजून खाली पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं? अजून सासूबाईंनाही सांगितलं नाही." बाटली तिने उघडली नव्हती. मी ती घेतली आणि त्यांच्या कुंपणापाशीच तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलं. सत्तावीस ओळींत तिच्यासाठी एकही नव्हती.

निलाय आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी मी दुकानात गेलो, तेव्हा तिने काउंटरवर एक कागद ठेवला. तिच्या हाताने लिहिलेलं नवं लेबल. फायद्यांच्या तीन ओळी. खाली आत्याचे तीन प्रश्न आणि तोट्यांच्या अकरा ओळी: तसंच लावलं तर त्वचा भाजते, तोंड भाजतं, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर विचारून, पुदिना-तुळशीने पुरळ येत असेल तर नको, लहान मुलांना नको, वगैरे.

"पण जंतू मरतात असं लिहिलंय सगळीकडे," मी चाचरत म्हटलं. "प्रयोगशाळेत सिद्ध झालंय."

"काचेच्या बशीत मरतात. माझे बाबा बशी नाहीत." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मलाही झोप लागली नाही. मी तुझ्या कॉफीत पाच घातले, कारण मला वाटलं, हे खरंच पिणारा मूर्ख जगात नसेल. घरातच होता."

"दोन होते," मी म्हटलं.

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. छापखानेवाल्याने मात्र कागद वाचून विचारलं, "हे विकायचंय की परत करायचंय?"

सप्टेंबरात, काकांचा आकडा तीन वेळा लागोपाठ जागेवर आला, तेव्हा त्यांनीच निरोप पाठवला. पुन्हा गुलाब, पुन्हा तबक, पुन्हा कोलोन. आत्याने तीच ओढणी बांधली होती. टोकाचा डाग धुऊनही पुरता गेला नव्हता. निलाय कॉफी घेऊन आली. मी कप उचलला, नाकाशी नेला, आणि खाली ठेवला.

"यात काय आहे?" मी विचारलं.

मेलिहा काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! नवरामुलगा विचारतो का कधी?"

"विचारू दे," आत्या म्हणाली.

"मीठ," निलाय म्हणाली. "दोन मोठे चमचे. आणि हातात आली तेवढी मिरपूड."

मी प्यायलो. भयंकर होती. पण काय भयंकर आहे हे माहीत असलं की जातं घशाखाली.

आत्याने पाठ सरळ केली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं, "...वचनाने, रमझीभाऊ, तुमची निलाय आमच्या तुंजायला मागायला आलोय."

रमझीकाकांच्या छातीतली टिकटिक ऐकू येत होती. मी ठोके मोजत होतो, आणि वीसच्या पुढे माझं स्वतःचं इंजिन जास्त आवाज करायला लागलं. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे अगदी आत्यासारखं रोखून पाहिलं.

"मुलगी द्यायची म्हणजे आधी तीन प्रश्न आहेत," ते म्हणाले. "पोटात बाळ आहे का?"

"अजून तरी नाही, काका," मी म्हणालो.